जुन्या लष्करी रायफलवर कुणाचा हात फिरलाय, लष्कराचा की मालकाचा?

प्रश्नात तपशील भरपूर दिलेत, त्यामुळे बरंचसं रायफल हातात न घेताही सांगता येईल. तुमच्याकडे एनफिल्डमध्ये 1917 साली बनलेली एस.एम.एल.ई. (शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड, ब्रिटिश लष्कराची .303 रायफल) नंबर 1 मार्क 3 स्टार आहे. पुढचं लाकूड अर्ध्यावर कापलेलं, दस्त्याच्या (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या लाकडाच्या) टोकाला रबरी पॅड, रिसीव्हरच्या (नळी आणि बोल्ट जिथे बसतात त्या मधल्या धातूच्या भागाच्या) डाव्या अंगाला दोन बुजवलेली भोकं. मॅगझिनच्या थोडं पुढे लाकडातून आरपार एक आडवा स्क्रू, बोल्टवर वेगळाच नंबर, आणि सगळ्या धातूवर चकचकीत निळसर काळा रंग. विकणारा म्हणाला, ही मूळची स्नायपर रायफल, नंतर शिकारीसाठी हलकी केली. यातलं लष्कराने काय केलं आणि मालकाने काय, हे तुम्हाला हवंय.

आधी निकाल सांगतो, कारणं मागून. कापलेलं लाकूड आणि रबरी पॅड लष्कराचे नाहीत. आडवा स्क्रू लष्कराचा आहे, त्याला हात लावू नका. भोकं जवळजवळ नक्की मालकाची किंवा एखाद्या बंदूक-दुकानाची. बोल्टचं आत्ताच सांगता येणार नाही. रंगाचं सांगता येईल, पण त्यासाठी अक्षरं भिंगाखाली बघावी लागतील.

रायफल रिकामी आहे हे चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीत, बोट घालून तपासा, मॅगझिन काढून बाजूला ठेवा. आणि एक गोष्ट आत्ताच, कारण उत्साहाच्या भरात नेमकी हीच चूक होते: दस्ता आधी काढू नका. नंबर 1 मध्ये दस्त्याच्या आत तो धरून ठेवणारा एक लांब बोल्ट असतो (काडतूस भरायचा बोल्ट वेगळा). त्याचं पुढचं टोक चौकोनी असून ते पुढच्या लाकडाच्या मागच्या बाजूला बसवलेल्या पट्टीत अडकतं. पुढचं लाकूड जागेवर असताना कुणी तो बोल्ट फिरवला, तर चौकोन पट्टी पिळतो आणि लाकूड मागून चिरतं. म्हणून आधी पुढचं लाकूड उतरवायचं, मग दस्ता. तुमच्या रायफलीत पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाला, रिसीव्हरला टेकतं तिथे, उभी चीर दिसली तर आधी कुणीतरी हा उलटा क्रम केलेला आहे असं धरायला हरकत नाही. लष्करी आर्मररच्या, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या, हातून हे सहसा होत नसे. ही चीर म्हणजे घरच्या टेबलावरची सही.

साफसफाईही आत्ता नको. खाचांमधला मळ, लाकडाखालचा जुना ग्रीस, स्क्रूच्या डोक्याभोवतीचं काळं कडं, हा सगळा पुरावा आहे. भरपूर फोटो काढा, मग फडकं हातात घ्या.

आता मुख्य मुद्दा. "मूळ" आणि "बदललेली" असे दोनच कप्पे लोक करतात आणि तिथेच फसतात. हात तीन असतात: लष्कराचा, दुकानाचा आणि मालकाचा. लष्कर बदल करतं तेव्हा हजारो रायफलींवर एकाच मापाने करतं, आणि बहुतेक वेळा शिक्का मारतं. दुकान बदल करतं तेव्हा काम सफाईदार असतं, पण लष्करी शिक्का नसतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अशा रायफली अतिशय स्वस्तात बाजारात आल्या आणि बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेलसारख्या कंपन्यांनी त्यांच्या शिकारी आवृत्त्या रीतसर विकल्या. मालक मात्र एकाच रायफलीवर, हाताशी असेल त्या हत्याराने काम करतो, आणि हत्याराची खूण मागे राहते. म्हणजे "हे बदललंय का?" एवढं विचारून भागत नाही. "हे दुसऱ्या रायफलींवरही तंतोतंत असंच सापडतं का?" हे विचारायला हवं.

आडव्या स्क्रूचं उत्तर यातच आहे. भारतीय सेवेत गेलेल्या कितीतरी एस.एम.एल.ई.च्या पुढच्या लाकडाला, चीर जाऊ नये म्हणून, असा आधाराचा स्क्रू बसवलेला असतो. भारतातल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यावरून संग्राहक त्याला ईशापूर स्क्रूच म्हणतात. इंग्लंडमध्ये बनलेल्या रायफलीवर तो दिसला तर ती पुढे भारतात वापरली गेली किंवा तिचं लाकूड तिथून आलं, एवढं कळतं. नवखा माणूस तो बघून "कुणीतरी घरी ठोकलाय" म्हणतो आणि काढून भोक बुजवतो. म्हणजे खरा इतिहास पुसून स्वतःचा एक बदल वाढवतो.

अशी फसवी उदाहरणं बरीच आहेत, आणि ती माहीत असल्याशिवाय कुठल्याच जुन्या रायफलीबद्दल बोलू नये असं माझं मत आहे. तुमच्याच मार्क 3 स्टारवर मॅगझिन कट-ऑफची (मॅगझिनमधली काडतुसं अडवून धरणारी) पट्टी नसेल, डाव्या बाजूला लांब पल्ल्याची व्हॉली साइट (एकत्र गोळीबारासाठीची नेम धरायची जादा खूण) नसेल. त्या मालकाने काढलेल्या नाहीत. उत्पादन वेगाने व्हावं म्हणून 1916 पासून त्या वगळायला मान्यता मिळाली आणि "स्टार" हे चिन्ह त्याचंच आहे. काही रिसीव्हरांवर कट-ऑफची खाच तशीच राहिली, म्हणून पट्टी हरवल्यासारखी वाटते. मोसिन-नागांत या रशियन लष्करी रायफलीच्या नळीचं तोंड आतून काही मिलिमीटर रुंद केलेलं दिसलं तर तेही बहुधा डेपोचं काम: झिजलेलं टोक मागे सरकवून नळी पुन्हा कामाची करायची ती पद्धत. फिनलंडच्या मोसिनवर दोन तुकडे बोटं गुंतवल्यासारखे जोडलेलं लाकूड हा अस्सल लष्करी प्रकार आहे, सुताराची डागडुजी नव्हे. स्वीडिश माउझरच्या नळीच्या तोंडावरचे आटे सायलेन्सरसाठी कुणी पाडलेले नसतात, ते सरावाच्या खोट्या काडतुसांच्या उपकरणासाठी होते. जपानी आरिसाका रायफलीवरचं घासून काढलेलं शेवंतीचं फूल, म्हणजे सम्राटाचं चिन्ह, बहुतेक वेळा शरणागतीच्या सुमारास जपान्यांनीच घासलं. सोव्हिएत ताब्यात गेलेल्या जर्मन के 98 के माउझर रायफलींवर बोल्टचे नंबर विजेच्या पेन्सिलीने खरवडलेले असतात. एरवी असा खरवडलेला नंबर दिसला की मी मालकाकडे बोट दाखवेन, पण इथे ते सोव्हिएत डेपोचं काम आहे.

बोल्टवर मी थांबलो तो यासाठीच. एस.एम.एल.ई.वर नंबर रिसीव्हरच्या कड्यावर, नळीवर, बोल्टच्या दांडीच्या मागच्या बाजूला, मागच्या साइटच्या पानाखाली, पुढच्या लाकडावर आणि नोजकॅपवर (पुढच्या लाकडाच्या टोकावरच्या धातूच्या टोपीवर) असतो. लाकूड कापताना शेवटचे दोन गेलेच. उरलेले वाचा आणि एकाखाली एक लिहून ठेवा. बोल्टवर जुना नंबर रेघ मारून खोडलेला आणि शेजारी नवा ठोकलेला असेल, आणि तो नवा नंबर रिसीव्हरशी जुळत असेल, तर आर्मररने बोल्ट बदलून बसवून दिलाय. नंबर एकच, स्वच्छ, आणि रिसीव्हरशी संबंध नसलेला असेल, तर तो दुसऱ्या रायफलीचा बोल्ट आहे. कुणी घातला ते रायफल सांगणार नाही, पण तपासल्याशिवाय झाडायची नाही एवढं मात्र ती सांगते. .303 चं काडतूस कडेवर टेकतं. हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि ती कड टेकते ती जागा यांतलं अंतर, 0.064 ते 0.074 इंचांच्या आत हवा. हे गेजने जाणकार बंदूक-कारागिराकडूनच मोजून घ्या. कागदाची घडी किंवा चिकटपट्टी घालून अंदाज बांधणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

लाकडाकडे येतो. कापलेला भाग तर उघडच आहे, पण दस्ता जास्त बोलतो. लष्करी दस्त्याचं लाकूड धातूपेक्षा किंचित उंच ठेवलेलं असतं. बटप्लेट (दस्त्याच्या मागच्या टोकावरची धातूची पट्टी), सॉकेट (रिसीव्हरच्या मागे दस्ता बसतो तो धातूचा भाग), ट्रिगर गार्ड यांच्या कडांवरून नख फिरवा. धातूकडून लाकडाकडे जाताना नख वर चढायला हवं. ते खाली उतरत असेल, म्हणजे धातू लाकडाच्या बाहेर डोकावत असेल, तर कुणीतरी दस्ता पॉलिश पेपरने घासलाय. घासला की लाकडावरचे छोटे तपासणी-शिक्के पुसट होतात किंवा जातातच. उजव्या अंगावरच्या गोल शिक्क्याच्या जागी टॉर्चचा उजेड अगदी आडवा टाका. पुसलेल्या शिक्क्याची सावली बऱ्याचदा तरीही दिसते, कारण ठोकताना लाकडाचे तंतू खोलपर्यंत दबलेले असतात. रबरी पॅडसाठी दस्ता मागून कापला असेल तर बटप्लेटच्या जिभेसाठी वरच्या बाजूला असलेली खाच गायब किंवा अर्धवट असेल. ती शाबूत असेल तर पॅड नुसता वरून बसवलाय आणि तो काढून बटप्लेट परत लावता येईल. हे पहिल्यांदा बघा, कारण कापलेला दस्ता आणि न कापलेला दस्ता यांत बराच फरक पडतो.

वरचा थर कसला आहे ते बघायला अतिनील दिवा कामी येतो. ब्रिटिश रायफलीला जवसाचं तेल असायचं, ते त्या उजेडात फारसं चमकत नाही. लाख नारिंगी चमकते. इपॉक्सी आणि आधुनिक भरण आजूबाजूच्या लाकडापासून लगेच वेगळी पडतात. लाख दिसली म्हणून मालकाला दोष देण्याआधी एवढं लक्षात ठेवा की सोव्हिएत डेपो लाखच वापरत. एस.एम.एल.ई.वर मात्र तिला काही कारण नाही. पुढचं लाकूड उतरवल्यावर आतल्या पोकळीत, रिसीव्हर टेकतो तिथे, गुळगुळीत राखाडी किंवा तपकिरी इपॉक्सी दिसली तर कुणीतरी अचूकतेसाठी बेडिंग केलंय, म्हणजे रिसीव्हर घट्ट बसावा म्हणून भरण घातलंय. तसं करणं गैर नाही. एस.एम.एल.ई.मध्ये नळीला पुढे आधार देणारी स्प्रिंगची व्यवस्था नोजकॅपपाशी असते. लाकूड कापलं की ती गेली, आणि बहुतेकांना नेम बिघडल्याचं लगेच जाणवतं. मग पुढचे प्रयोग सुरू होतात.

रंगाबद्दल. सैनिकी ठसा पंचाने ठोकला की बाजूचा धातू किंचित वर उचलला जातो, आणि अक्षराच्या कडेला बारीक बांध तयार होतो. सॉकेटवरचा मुकुट, राजाची आद्याक्षरं आणि साल भिंगाखाली बघा. बांध असेल तर तो पृष्ठभाग कधी पॉलिश झालेला नाही. अक्षरं चपटी, पाण्यात बुडाल्यासारखी दिसत असतील, स्क्रूच्या भोकांच्या कडा आत खचलेल्या वाटत असतील, चौकोनी कोपरे गोलावले असतील, तर बफिंग चाकावर धरून नंतर ब्लूइंग (धातूला निळसर काळा रंग चढवणं) केलंय. खड्ड्यांच्या आतही चकचकीत निळा रंग असेल तर शंकाच नाही: आधी गंज, मग खड्डे, मग रंग. गंज रंगाच्या वर यायला हवा होता. लष्करी डेपोही रायफली पुन्हा रंगवत, युद्धानंतर ब्रिटिशांनी काळा रंग अक्षरशः लावलाही, पण डेपोचं काम चकचकीत नसतं. आरशासारखी चमक हा शिकारी दुकानाचा किंवा हौशी माणसाचा छंद.

नळीवर एक गंमत बघता येईल. मागच्या हँडगार्डखाली (नळीच्या वरच्या लाकडी आवरणाखाली) झाकला जाणारा भाग आणि कापलेल्या लाकडामुळे उघडा पडलेला भाग यांची तुलना करा. दोघांच्या रंगात स्पष्ट सीमारेषा असेल तर लाकूड कापल्यावर नळीला पुन्हा रंग दिलेला नाही. नळी एकसारखी चमकत असेल तर आधी कापलं, मग रंगवलं. याच पद्धतीने बाकीचाही क्रम लावता येतो. प्रूफ हाउसचे, म्हणजे बंदुकीची दाबाची चाचणी घेणाऱ्या अधिकृत संस्थेचे, शिक्के यात सगळ्यात उपयोगी. ब्रिटनमध्ये लष्करी रायफल नागरी बाजारात विकायची तर प्रूफ करून घ्यावी लागे. नळीवर मुकुटाखाली बी.एन.पी. अक्षरं, कॅलिबर, काडतुसाची लांबी आणि टनांत दाब, उदाहरणार्थ साडेअठरा टन, असं काही सापडलं तर ती 1954 च्या नियमांनंतर तिथून विकली गेली. टोकाला टोक लावलेले दोन बाण दिसले तर ती लष्कराने सेवेतून काढून विकल्याची खूण आहे. आता भिंग घ्या. हे नागरी शिक्के पॉलिश केलेल्या धातूवर धारदार उठलेत का, की तेही बाकीच्या अक्षरांसारखेच झिजलेत? धारदार असतील तर पॉलिश विक्रीच्या आधी, म्हणजे दुकानात झालं. झिजलेले असतील तर नंतर, म्हणजे मालकाकडे. कुणाच्या सांगोवांगीपेक्षा हे एक निरीक्षण मला जास्त विश्वासाचं वाटतं.

भोकं आणि स्नायपरची गोष्ट. पहिल्या महायुद्धातल्या स्नायपर एस.एम.एल.ई.वर दुर्बीण खरोखरच डाव्या बाजूला बसवत, म्हणून विकणाऱ्याच्या गोष्टीला थोडा आधार मिळतो. पण नागरी बाजारातले साइड-माउंटही डाव्याच बाजूला बसत. बुजवलेल्या भोकाची कड दिसत नसेल तर तिथे पातळ तेल लावा, पुसून कोरडं करा आणि थोडा वेळ थांबा. शिवणीत शिरलेलं तेल परत बाहेर येतं आणि बारीक वर्तुळ उमटतं. ते बुजवणारे स्क्रू निघत असतील तर त्यांचे आटे मोजून घ्या. 6-48 हे अमेरिकन नागरी दुर्बीण-माउंटचं नेहमीचं माप आहे, ते निघालं तर स्नायपरची कहाणी तिथेच संपली. दोन भोकांची रेषा नळीशी समांतर नसेल, किंवा त्यातलं एखादं एखाद्या शिक्क्याच्या मधूनच गेलं असेल, तर हात-ड्रिल चालवलेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या नंबर 4 टी या स्नायपर रायफलीवर निदान पडताळायला रिसीव्हरवरचा "टी", दस्त्यावरचा दुर्बिणीचा नंबर अशा खुणा असतात. नुसती भोकं म्हणजे नुसती भोकं.

खोटा लष्करी बदल हा वेगळा प्रकार, तोही ओळखता यायला हवा. नंतरची ली-एनफिल्ड नंबर 4 कापून, फ्लॅश हायडर (नळीच्या तोंडाची ज्वाळा लपवणारं नळकांडं) लावून "जंगल कार्बाइन" म्हणून विकल्या गेलेल्या रायफली पुष्कळ आहेत. खऱ्या जंगल कार्बाइनचा, म्हणजे नंबर 5 चा, रिसीव्हर आणि नळीचा बुंधा वजन कमी करण्यासाठी खरवडलेले असतात, बोल्टच्या दांडीचा गोळा आतून पोकळ असतो. कापलेल्या नंबर 4 वर हे सहसा कुणी करत नाही, कारण दिसत नाही तिथे मेहनत कोण घेणार.

नळीची लांबी मोजा: बोल्ट बंद करून तोंडातून लाकडी काठी बोल्टच्या तोंडापर्यंत घाला, खूण करा. एस.एम.एल.ई.ची 25.2 इंच, म्हणजे 640 मिलिमीटर. कमी भरली तर कापली. कापलेल्या नळीवर पुढच्या साइटच्या ठोकळ्याची पिन जिथून जायची ती आडवी खोबणही गेलेली असते. नळी पूर्ण लांबीची आहे पण ठोकळा नाही, तर ती खोबण वर उघडी दिसेल. तोंडाचा गोल केंद्रात आहे का तेही बघा, हॅकसॉ आणि कानसीने केलेला कधीच नसतो.

आणि चेंबर. बाकी सगळं दिसण्याचं आहे, हे जिवाचं. .303 चं चेंबर मोठं करून वेगळ्या, घरगुती आकाराच्या काडतुसासाठी बनवलेल्या रायफली आढळतात आणि नळीवर तसं लिहिलेलं असतंच असं नाही. ईशापूरने काही एस.एम.एल.ई. आतून गुळगुळीत करून .410 च्याही केल्या, ते लष्करी काम आहे. नळीत आतून पीळदार खोबणी नसतील तर आधी तिकडे बघा. पण 1917 च्या रिसीव्हरवर 7.62 ची नळी किंवा चेंबर आढळलं तर ती मालकाची करामत समजा आणि झाडू नका. ईशापूरच्या 7.62 वाल्या 2ए आणि 2ए1 रायफली 1960 च्या दशकात अधिक मजबूत पोलादात मुद्दाम बनवल्या होत्या, जुन्या रायफलीवर तोच भार टाकणं वेगळं. शंका असेल तर कारागिराकडून सेरोसेफचा साचा घ्या. हा मिश्रधातू 70 ते 88 अंश सेल्सियसला वितळतो, चेंबरमध्ये ओततात, आणि ओतल्यावर तासाभराने त्याचं माप चेंबरइतकं येतं.

डी.पी. हा शिक्का कुठेही दिसला, रिसीव्हरवर, नळीवर, बोल्टवर, तर ती कवायतीसाठी बाद केलेली रायफल आहे. बाद करताना पाडलेली भोकं भरून कुणी ती "चालू" केली असेल तर तो सगळ्यात वाईट मालकी बदल.

आता पुढे काय करायचं. नळी पूर्ण लांबीची, पुढच्या साइटचा ठोकळा शाबूत आणि दस्ता न कापलेला निघाला, तर पुढचं लाकूड, हँडगार्ड आणि नोजकॅप मिळवून ती पुन्हा लष्करी रूपात आणता येते, आणि ते करण्यासारखं आहे. नळी कापलेली असेल तर त्या वाटेला जाऊ नका. नळीसकट सगळं बदलून जे उभं राहील त्यात 1917 चा फक्त रिसीव्हर असेल. तेव्हा ती एक जुनी शिकारी रायफल म्हणूनच ठेवा. भोकांवर वेल्डिंग, अक्षरं पुन्हा खोदणं, नवीन ब्लूइंग, यातलं काहीही करू नका. सॉकेट, नंबर, प्रूफचे शिक्के, बटप्लेटची खाच आणि नळीचं तोंड, आडव्या उजेडात एवढे फोटो काढले की दुकान आणि मालक यांच्यातला उरलेला हिशोबही लावता येईल.